पार्थियन रौप्यपात्रे : धातूने राखलेली साक्ष

ज्यांचा इतिहास प्रामुख्याने त्यांच्या शत्रूंनी लिहिला, अशा राजवंशांत पार्थियाच्या अर्साक वंशाची गणना करावी लागते. इ.स.पू. २४७ पासून या वंशाने आपला शक मोजला. मध्य आशियातील गवताळ प्रदेशातून आलेल्या पर्णी टोळ्यांचा नायक अर्साक हा त्याचा मूळ पुरुष. इ.स. २२४ मध्ये सासानी वंशाच्या अर्दशीराने अर्तबान या अर्साक सम्राटाचा पराभव केला, तोवर सुमारे चारशे सत्तर वर्षे हा वंश टिकून होता. ऐन भरात असताना त्याची सत्ता युफ्रेटिसच्या काठापासून भारताच्या वायव्य सीमेपर्यंत पसरली होती, आणि रोमला पूर्वेकडे दीर्घकाळ रोखून धरणारी ती एकमेव सत्ता होती. असे असूनही या वंशाने स्वतः लिहिलेला एकही इतिहासग्रंथ आज उपलब्ध नाही. जे कळते ते ग्रीक आणि रोमन लेखकांकडून, काही चिनी बखरींतून, आणि उरलेले नाण्यांवरून. सासानी राजांनी आपल्या पूर्वसुरींची आठवण पुसट होऊ दिली. दहाव्या-अकराव्या शतकांच्या संधिकाळात फिरदौसीने ‘शाहनामा’ रचला, तेव्हा या चार-पावणेपाच शतकांसाठी त्याला मोजक्याच ओळी पुरल्या.

भारतीय वाङ्मयात हे लोक ‘पह्लव’ या नावाने येतात. ‘पार्थव’ या प्राचीन इराणी नावाचेच ते पुढचे रूप होय. त्याच मुळापासून फारसीत ‘पहलवान’, म्हणजे वीर, हा शब्द झाला आणि तो मराठीत ‘पैलवान’ होऊन तालमीत स्थिरावला. लोक विस्मृतीत गेले, नाव मात्र मातीत घुमत राहिले. परंतु नाव म्हणजे इतिहास नव्हे. पार्थियन माणूस कसा राहत होता, काय पीत होता, कोणत्या देवाला मानत होता, कोणत्या गोष्टीला सुंदर म्हणत होता, या प्रश्नांची उत्तरे ज्या थोड्या वस्तू देऊ शकतात, त्यांत चांदीची पात्रे आणि धातूवरील नक्षीकाम यांना मोठे महत्त्व आहे.

शत्रूच्या लेखणीतून पार्थियन दरबार कसा दिसतो, याचे प्रसिद्ध उदाहरण प्लूटार्कने क्रॅससच्या चरित्रात दिले आहे. इ.स.पू. ५३ मध्ये कार्‍हीच्या रणांगणावर पार्थियन धनुर्धर घोडेस्वारांनी रोमन सेनेचा धुव्वा उडवला आणि सेनापती क्रॅसस मारला गेला. त्या सुमारास पार्थियाचा राजा ओरोदेस हा आर्मेनियाच्या राजाकडे पाहुणा होता. दोन्ही घराण्यांत सोयरीक जुळली होती, मेजवान्या झडत होत्या, आणि युरिपिडीसच्या ‘बॅकाय’ या शोकनाट्यातील प्रवेश सादर होत होते. तेवढ्यात क्रॅससचे शिर तेथे आणले गेले. नटाने ते हाती घेऊन, आपल्याच पुत्राचे शिर मिरवणाऱ्या उन्मत्त मातेची पदे गाइली. घटनेनंतर सुमारे दीडशे वर्षांनी लिहिणाऱ्या प्लूटार्कने हा प्रसंग नाट्यपूर्ण रीतीने रंगविला आहे. वाचकाच्या मनात उरते ती रानटी क्रौर्याची प्रतिमा. पण याच वृत्तांतात प्लूटार्क सांगून जातो, की ओरोदेसाला ग्रीक भाषा अवगत होती आणि आर्मेनियाचा राजा स्वतः ग्रीकमध्ये नाटके लिहीत असे. ही बाजू ओझरतीच येते. ती पुरेपूर पाहायची असेल, तर ग्रंथ मिटून पात्राकडे वळावे लागते.

असे एक पात्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयात आहे. १९७९ मध्ये ते तेथे दाखल झाले. उंची सुमारे सत्तावीस सेंटिमीटर; काळ अजमासे इ.स.पू. पहिले शतक, म्हणजे कार्‍हीच्या लढाईचाच. आकार शिंगासारखा, वर रुंद तोंड, खाली निमुळते होत जाऊन वळलेले. आणि टोकाला झेपावणाऱ्या चित्त्यासारख्या रानमांजराचा पुढचा अर्धा देह. त्याच्या छातीभोवती द्राक्षवेल गुंडाळलेली आहे, आणि पुढे केलेल्या पंजांच्या मधोमध छातीला एक लहानशी तोटी आहे. ग्रीक लोक अशा पात्राला ‘ऱ्हायटॉन’ म्हणत. वाहणे या अर्थाच्या धातूपासून तो शब्द आला आहे. वरून मद्य ओतायचे, तोटीवर बोट धरून पात्र उंच करायचे आणि बोट काढताच बारीक धार खालच्या वाडग्यात झेलायची, अशी ही रीत. भरलेले असताना हे पात्र खाली ठेवता येत नाही; ते हातातच रिकामे व्हायला हवे. एकट्याने निवांत पिण्याचे हे साधन नव्हे. भोवती माणसे, हाती वाडगे आणि सर्वांना दिसेल अशी मद्याची धार, असा थाट त्याच्या घडणीतच गृहीत धरलेला आहे.

चित्ता आणि द्राक्षवेल ही दोन्ही ग्रीकांच्या डायोनायससची, मद्य आणि उन्माद यांच्या देवाची चिन्हे. ‘बॅकाय’ हे नाटक त्याच देवाच्या प्रभावाचे आहे. म्हणजे प्लूटार्कने ज्या मेजवानीत केवळ शिर पाहिले, तशाच मेजवान्यांत हाताळली जाणारी ही वस्तू त्याच देवाच्या खुणा अंगावर बाळगून आहे. शिंगाच्या टोकाला पशूचा अर्धदेह बसविण्याची कल्पना मात्र ग्रीकांच्याही आधी इराणात रुजलेली होती. हखामनी सम्राटांच्या काळातील सोन्यारुप्याच्या शृंगपात्रांना सिंह, वृषभ, रानबोकड यांचे अग्रभाग जोडलेले आढळतात. पार्थियन पात्रात इराणचे जुने शिंग आणि ग्रीसची वेल एकत्र आली आहेत. पार्थियन राजे आपल्या रौप्यनाण्यांवर ग्रीक लिपीत स्वतःला ‘ग्रीकप्रेमी’ म्हणवून घेत, आणि त्याच नाण्याच्या मागील बाजूस इराणी वेशातला, धनुष्य हाती घेऊन बसलेला मूळ पुरुष कोरीत. नाण्यावर शेजारी शेजारी असलेली ही दोन जगे पात्रात एकजीव झाली आहेत.

ही पात्रे घडविण्याची रीत कोणत्याही तांबटाला किंवा सोनाराला ओळखीची वाटावी अशी होती. चांदीचा गट्टू ठोकून पत्रा करायचा आणि तो हातोडीखाली फिरवीत फिरवीत उभार द्यायचा. ठोकता ठोकता चांदी कडक होते आणि चिरू लागते. म्हणून ती पुनःपुन्हा तापवून मऊ करावी लागते. शिंग आणि पशू बहुधा वेगळे घडवून डाखाने सांधले जात. नक्षीसाठी पत्र्याच्या आतून ठोकून उठाव आणीत आणि मग बाहेरून ठशांनी व बारीक छिन्नीने लव, स्नायू, पानांच्या शिरा उमटवीत. अखेरीस मुलामा. सोने पाऱ्यात कालवून केलेला लेप हव्या त्या भागावर लावायचा आणि पात्र शेगडीवर धरायचे. पारा उडून जातो, सोने चांदीला घट्ट धरून राहते आणि घोटल्यावर झळकू लागते. उडून जाणारी ती वाफ कारागिराच्या श्वासातून जात असे. धन्याचे नाव आणि पात्राचे वजन कोरण्याची चाल प्राचीन जगात सर्वत्र होती. घडविणाऱ्याचे नाव मात्र क्वचितच आढळते.

पार्थियन दरबारात मद्याला असलेले स्थान केवळ पात्रांवरून कल्पावे लागत नाही. आजच्या तुर्कमेनिस्तानात, अश्गाबातजवळ, निसा ही अर्साकांची जुनी नगरी होती. सोव्हिएत पुरातत्त्वज्ञ मिखाईल मासोन यांच्या मोहिमेला तेथे खापरांवर शाईने लिहिलेल्या नोंदी मिळू लागल्या. आज त्यांची संख्या अडीच हजारांच्या वर आहे. कोणत्या मळ्यातून किती मद्य आले, कोणत्या वर्षी आले, कोणी आणले, असा हा दप्तरी हिशेब आहे. पार्थियनांच्या स्वतःच्या हातचा इतका मोठा लेखसंग्रह दुसरा नाही. १९४८ मध्ये तेथील खजिन्याच्या वास्तूत हस्तिदंती शृंगपात्रांचे चाळिसांहून अधिक नमुने तुकड्यांच्या रूपात हाती आले. त्यांच्या काठावर ग्रीक देवदेवतांच्या मालिका आहेत आणि टोकाला पंखवाले सिंह, नराश्व यांसारखे काल्पनिक प्राणी. त्याच ठिकाणी चांदीच्या, मुलामा दिलेल्या काही छोट्या मूर्तीही सापडल्या. पण राजाच्या या कोठारात चांदीसोन्याची मोठी पात्रे मिळाली नाहीत. प्राचीन काळीच हे कोठार धुंडाळले गेले होते. हस्तिदंत वितळत नाही, म्हणून तो उरला.

रौप्यपात्रांच्या इतिहासातील मुख्य अडचण हीच आहे. मातीचे भांडे फुटले की निरुपयोगी होते आणि म्हणूनच टिकते. चांदीचे भांडे मोडले तरी त्याची किंमत जात नाही, म्हणून ते टिकत नाही. प्राचीन जगात पात्र आणि नाणे ही एकाच धातूची दोन रूपे होती. वजन कोरलेले पात्र म्हणजे ताटात ठेवलेली शिल्लकच. युद्ध आले, खंडणी द्यावी लागली, राज्य बदलले, की कलाकुसर मुशीत जाई आणि नव्या राजाचे नाव घेऊन बाहेर येई. या प्रक्रियेचा एक बोलका पुरावा महाराष्ट्रातच आहे. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे नहपान क्षत्रपाच्या तेरा हजारांहून अधिक रौप्यनाण्यांचा साठा सापडला. त्यांतील सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला होता. नहपानाचा चेहरा नव्या चिन्हांखाली अर्धवट दिसतो. येथे नाणी वितळविली गेली नाहीत म्हणून जुना ठसा वाचता येतो. मुशीत गेलेल्या धातूला तर कोणतीच आठवण उरत नाही.

मग जे उरले ते का उरले? बव्हंशी त्याचे उत्तर एकच: कोणीतरी ते पुरून ठेवले आणि परत न्यायला आले नाही. तक्षशिलेचे उदाहरण या दृष्टीने अत्यंत मोलाचे आहे. १९१३ ते १९३४ या काळात सर जॉन मार्शल यांनी तेथे उत्खनन केले. सिरकप या नगरभागाच्या वरच्या थरांत, गोंडोफर्नेस आणि त्याच्या उत्तराधिकाऱ्यांच्या काळातील, म्हणजे भारतातील पह्लव राजवटीच्या घरांच्या जमिनीखाली, दागिने आणि चांदीची भांडी दडविलेली आढळली. पेले, वाडगे, तबके, पळ्या असा तो संसार होता. कुषाणांची स्वारी येत असताना रहिवाशांनी ही चीजवस्तू पुरली आणि त्यांना परत येता आले नाही, असे अनुमान मार्शल यांनी केले. काही पात्रांवर खरोष्ठी लिपीत मालकांची नावे आणि वजने कोरलेली आहेत. वजने मात्र ग्रीक मापांची, स्टेटर आणि द्रम्म यांची. एका रौप्यपात्रावर मणिगुलाचा पुत्र आणि चुक्षचा क्षत्रप जिहोणिक याचे नाव आणि १९१ हे वर्ष आहे. ग्रीक माप, भारतीय लिपी, शक-पह्लव नावे आणि इराणी वळणाची भांडी अशी सारी सामग्री एकाच घराच्या जमिनीखाली मिळाली. ती कोणत्या घरात, कोणत्या थरात, कोणत्या नाण्यांबरोबर होती हे नोंदले गेले, म्हणून त्या चांदीला काळ आहे, पत्ता आहे आणि अखेरच्या दिवसाची भीतीही आहे.

भारतातील शिलालेखांतून पह्लवांची जी ओळख होते, तिच्याशी हे ताडून पाहण्यासारखे आहे. नाशिकच्या लेण्यांतील गौतमी बलश्रीच्या लेखात गौतमीपुत्राला शक, यवन आणि पह्लव यांचा संहारक म्हटले आहे. इ.स. १५० च्या सुमारास रुद्रदामनाच्या जुनागढ लेखात सुदर्शन तलावाचा बांध पुन्हा उभारणारा अमात्य सुविशाख हा पह्लव आहे. कार्ल्याच्या एका दानलेखात सेतफरणाचा पुत्र हरफरण हा उपासक येतो. त्याच्या नावातील ‘फरण’ हा तेजोवाचक इराणी शब्द गोंडोफर्नेसच्या नावातही आहे. शत्रू, अधिकारी आणि दाता अशा तीन भूमिकांत पह्लव येथे दिसतात. पण त्यांच्या घरातले ताट कसे होते, हे सिरकपच्या जमिनीनेच सांगितले.

दुर्दैवाने पार्थियन धातुकामाच्या उत्तमोत्तम नमुन्यांना असा पत्ता नाही. पश्चिम इराणातील निहावंदजवळ १९१० च्या सुमारास सोन्याच्या वस्तू निघाल्याचे सांगितले जाते. पंख पसरून भक्ष्य पकडणाऱ्या गरुडाचे, पिरोजे जडविलेले दोन सुवर्णबंद त्यांतलेच मानले जातात. एक ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, दुसरा न्यूयॉर्कला. कारेन या मातब्बर पार्थियन घराण्याचा हा खजिना असावा, असा तर्क पुढे झाला. पण तो तर्कच. कबर होती की तळघर, सोबत नाणी होती की नव्हती, हे सांगणारी नोंद नाही. कॅलिफोर्नियातील जे. पॉल गेटी संग्रहालयात हरिण, सिंह आणि वनमार्जार यांची मुखे असलेली अप्रतिम शृंगपात्रे व अनेक वाडगे आहेत. मायकेल फ्रॉमर या विद्वानाने १९९३ मध्ये त्यांची तपशीलवार सूची प्रसिद्ध केली. पान, फूल, वेटोळे, पशूच्या मानेची वळी यांची अन्यत्रच्या नमुन्यांशी तुलना करून त्याने काळ ठरविण्याचा प्रयत्न केला. ही विद्वत्ता आदरणीय आहे. पण बाजारातून आलेल्या वस्तूंच्या बाबतीत शैलीवाचून दुसरा साक्षीदार तिला मिळत नाही.

शैली हा साक्षीदार कितपत विश्वासार्ह? याचे उत्तर चांदीने नव्हे, तर काशाने दिले आहे. १९८४ मध्ये इराकमध्ये, तैग्रिसवरील सेल्यूसिया येथे हेराक्लीसची एक काशाची मूर्ती सापडली. नग्न, पुष्ट देह, गदेवर टेकलेला विसावा, असा सारा घाट ग्रीक. केवळ रूप पाहून कोणीही तिला ग्रीक परंपरेतील एक प्रतिकृती म्हटले असते आणि पुढे गेला असता. परंतु तिच्या मांड्यांवर दोन लेख आहेत, एकीवर ग्रीक आणि दुसरीवर पार्थियन. इ.स. १५०-१५१ मध्ये पार्थियाचा राजा वोलोगेसेस याने मेसेनेचा राजा मिथ्रदात याच्यावर स्वारी केली, त्याला हाकून दिले, आणि ही मूर्ती तेथून आणून मंदिरात स्थापिली, असे ते सांगतात. ग्रीक लेखातील मंदिर अपोलोचे आहे, पार्थियन लेखातील तीर या देवाचे. ग्रीक लेखात मूर्ती हेराक्लीसची, पार्थियन लेखात ती वरहराम या इराणी विजयदेवतेची. रूप एकच, देव दोन. डोळ्यांना जे ग्रीक दिसले, ते पूजणाऱ्याच्या मनात इराणी होते. जुनागढचा पह्लव अमात्य बांध उभारीत होता, त्याच सुमाराची ही गोष्ट.

या एका मूर्तीने सर्व रौप्यपात्रांपुढे प्रश्न उभा केला आहे. द्राक्षवेल ल्यालेला चित्ता खरोखर डायोनायससचाच मानला जात होता की एखाद्या इराणी देवाचा? ते पात्र मेजवानीचे होते की मंदिरातल्या अर्घ्याचे? अनोळखी जागेतून निघालेले पात्र यावर काही बोलत नाही. ज्या भूमीत ते पुरले होते तिने कदाचित उत्तर दिले असते. खुजिस्तानच्या डोंगरातील शमी येथे १९३४ मध्ये गावकऱ्यांना एका पार्थियन सरदाराचा भव्य, पुरुषभर उंचीचा काशाचा पुतळा अवचित सापडला. अंगरखा, सैल विजार, कंबरपट्टा आणि वेगळे ओतून बसविलेले मस्तक. भारतीय पुरातत्त्व खात्यात दीर्घ सेवा केलेले सर ऑरेल स्टाइन १९३६ मध्ये तेथे गेले आणि त्यांनी ती जागा खणली. भिंतींच्या आखणीवरून आणि इतर भग्न मूर्तींच्या अवशेषांवरून ते एक देवस्थान होते हे स्पष्ट झाले. दोन वर्षांच्या आत जाणता माणूस त्या जागी पोहोचला, म्हणून पुतळा एकाकी राहिला नाही. निहावंदला तसे कोणी पोहोचले नाही.

सांस्कृतिक वस्तूंच्या अवैध व्यापाराला आळा घालण्यासाठी युनेस्कोचा करार १९७० मध्ये झाला. एप्रिल २००३ मध्ये बगदादचे संग्रहालय लुटले गेले, तेव्हा त्या कराराची निकड जगाला पुन्हा कळली. लूट ही वस्तू हलविते एवढाच तिचा अपराध नाही. वस्तू पुष्कळदा परतही येते. तिच्याभोवतीची माती, शेजारचे नाणे, वरची राख, खालची फरशी मात्र एकदाच वाचता येते, आणि फावड्याखाली ती कायमची पुसली जाते. ज्या समाजापाशी स्वतःचे ग्रंथ आहेत, त्याला ही हानी थोडीफार सोसता येईल. पार्थियनांपाशी ग्रंथ नव्हते. त्यांच्यासाठी खापरावरची शाई, मांडीवरचा लेख आणि पात्राखालची जमीन हाच ग्रंथ होता. क्रॅससच्या शिराची कथा दोन हजार वर्षे सांगितली गेली, कारण ती लिहून ठेवलेली होती. त्याच काळातील मेजवानीत ज्या हातांनी चित्त्याच्या छातीवरचे बोट उचलले, त्यांचे नाव, गाव आणि देव विचारायला आज फक्त ते पात्र उरले आहे, आणि ते कोठून आले हे कोणी लिहून ठेवलेले नाही.